पास्कू मिस्त्रींचा टेफ्लॉनचा दांडा

लेथखाली कीस साचतो तसे वर्कशॉपमध्ये किस्से साचतात. कितीही झाडा, चपलेला चिकटून घरी येतातच. साठच्या दशकात मी मालवणात पास्कू मिस्त्रींकडे टर्नर होतो. आम्ही लाँचची इंजिनं दुरुस्त करायचो.

मिस्त्रींचा मेहुणा मुंबईला केमिकलच्या कारखान्यात. सुट्टीत येताना त्यानं टेफ्लॉनचा मुसळासारखा पांढरा दांडा आणि थोडा पातळ पत्रा आणला. म्हणाला, "ह्येका ॲसिड खाणा नाय, काय्येक चिकटणा नाय!"

मिस्त्रींना पटेना. त्यांनी एक तुकडा आठवडाभर बॅटरीच्या ॲसिडात बुडवून ठेवला. काढला तर लखलखीत!

"मेल्या, ह्यो तर न्हावन इलो!"

मिस्त्रींच्या बायकोचं, रोजीबायचं, पहिलं घावन तव्याला हमखास चिकटायचं. तिनं गुपचूप तो पत्रा तव्यावर घातला. घावन सुटलं खरं, पण उलथनं लावायच्या आत घसरून थेट मांजराच्या पुढ्यात!

पत्रा परत आणून देत ती म्हणाली, "माका नको ह्यां. घावनाक वायच तरी तव्याची माया होयी!"

एका लाँचमध्ये पाण्यातल्या पंख्याच्या शाफ्टजवळून सारखं पाणी शिरायचं. दोरीचं पॅकिंग महिनाभरात झिजायचं. मी दांड्यातून रिंगा कातून बसवल्या. शाफ्ट लोण्यातून फिरावा तसा फिरू लागला, पाणी बंद! सगळे खूश. फक्त भिवा खलाशी सोडून. पाणी उपसायचं काम त्याचं, म्हणजे दिवसभर बसून विडी.

तिसऱ्या दिवशी तो लाँचच्या म्होरक्याची, तांडेलाची, तक्रार घेऊन वर्कशॉपात हजर. "मिस्त्रीनू, थोडा तरी पाणी येवंदे! तांडेल माका जाळी ओढूक लायता!"

ते ऐकून दुसरा एक लाँचवाला रिंगा मागायला आला. त्याचं इंजिन सकाळपासून उघडं. माप घ्यायला मिस्त्री उरलेला दांडा काखेत मारून धक्क्यावर गेले. तिथे भिवा एक सुरमई घेऊन बसलेला, अजून घुश्शात.

"शेवटाक प्लास्टिकच तां! पाण्यात तरंगतला."

"बुडतला!"

"तरंगतला! लावा पैज. बुडाला तर ही सुरमई तुमची."

मिस्त्रींनी मागचापुढचा विचार न करता दांडा भिरकावला. डुबुक! दगडासारखा तळाला.

भिवानं सुरमई दिली. मिस्त्री ती शेपटीला धरून पाण्याकडे बघत राहिले.

मागून लाँचवाल्यानं विचारलं, "मिस्त्रीनू, माझे रिंगो कधी?"

"वायच ओहोटी लागांदे."