दिव्याच्या अंगणवाडीतल्या मंदाताई

मंदाताईंच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी सकाळची भाजी निवडत बसलो होतो. "सर, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मंदाताईंच्या किडन्या वर्षभरापासून निकामी होत चालल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि उरलेल्या दिवशी विठ्ठलवाडीच्या घरातून लोकलने दिव्याला, अंगणवाडीत. "आता सुट्टी घ्या हो," असं मी म्हटलं की त्या म्हणायच्या, "मी घरी बसले की पोरांची वजनं करायची राहतात, सर." त्यांना जाऊन आता सहा आठवडे झाले.

मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचो. विद्यार्थ्यांना घेऊन दिव्यात पाहणीला गेलो होतो, तेव्हा त्यांची ओळख झाली. चाळीच्या टोकाला पत्र्याची एक खोली, तीच अंगणवाडी, नळ कोरडा, पाणी दोन गल्ल्या सोडून हंड्याने आणलेलं. तिथे उभा राहून मी विद्यार्थ्यांना समजावत होतो, की पहिल्या दोन वर्षांत पोट भरलं नाही तर मेंदूची वाढ मागे राहते, मग शाळा झेपत नाही, पुढे अंगात कामाची ताकद राहत नाही. म्हणून बालपोषणावरचा खर्च म्हणजे दानधर्म नव्हे, ती देशाने स्वतःच्या वाढीत केलेली गुंतवणूक आहे, वीस वर्षांनी परत येणारी. मंदाताई ताटल्या पुसत ऐकत होत्या. "सर, वीस वर्षांनी परत येणारा पैसा टाकणार कोण? निवडणूक तर पाच वर्षांनी येते." माझे विद्यार्थी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यानंतर मी अधूनमधून तिथे जात राहिलो. एकदा त्यांनी मला परी दाखवली. दीड वर्षाची मुलगी, पण सहा महिन्यांची वाटावी अशी. मंदाताईंनी तिच्या दंडाला मोजपट्टी गुंडाळली आणि माप लाल रंगावर आलं. म्हणजे कुपोषण गंभीर, तिला दोन आठवडे सरकारी पोषण केंद्रात भरती करणं भाग होतं, आणि सोबत आईनेही राहायचं. आई संगीता डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जायची. नवरा सोडून गेलेला, मुलगी दिवसभर सासूपाशी, चहात बुडवलेल्या बिस्किटांवर. सुपरवायझरने संगीताला सांगितलेलं, दोन आठवडे गेलीस तर परत येऊ नकोस. मंदाताई स्वतः कंपनीच्या गेटवर गेल्या, तर वॉचमनने आतच सोडलं नाही. मग त्यांनी मला फोन केला. "सर, तिथला मॅनेजर तुमचा विद्यार्थी ना? एक शब्द टाका ना."

"टाकतो," मी म्हणालो.

त्या आठवड्यात ठाण्यात माझं व्याख्यान होतं. विषय, बालपोषण आणि देशाची आर्थिक वाढ. मी आलेख काढत होतो, वाक्यं घासूनपुसून घेत होतो... फोन निवांतपणे करू, असं वाटत राहिलं. शनिवारी व्याख्यान झालं, टाळ्याही झाल्या. मंदाताई शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. गर्दी ओसरल्यावर पुढे आल्या.

"छान बोललात, सर. फोन केलात?"

"सोमवारी नक्की."

त्यांनी मान हलवली आणि निघून गेल्या.

सोमवारी दहा वाजता मी फोन लावला. माझा विद्यार्थी म्हणाला, "अहो सर, एवढंच ना? आधी सांगायचंत की! जाऊ दे तिला, नोकरी कुठे पळत नाही." दोन मिनिटंही लागली नाहीत. मी लगेच, उत्साहाने, मंदाताईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "सर, परी काल गेली. शनिवार संध्याकाळपासून जुलाब सुरू झाले. रिक्षातच..."

त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. महिन्याभराने त्याच मला घेऊन त्या कंपनीत गेल्या, आणि मॅनेजरसमोर बसून कागदावर लिहून घेतलं, की लाल पट्टीतल्या मुलाच्या आईला दोन आठवडे रजा मिळेल आणि कामावर परत घेतलं जाईल. त्या कागदामुळे काही मुलांचे जीव वाचले. मग मॅनेजर बदलला, आणि नव्या मॅनेजरने असा कागद आपण पाहिलाच नाही म्हणून सांगितलं. मंदाताई त्याच्याकडेही गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या, हाताला डायलिसिसची पट्टी बांधलेली असताना गेल्या. हाती काही लागलं नाही. मी मात्र ते व्याख्यान नंतर कुठेही दिलं नाही. आमंत्रणं येत राहिली. प्रत्येक वेळी तब्येतीचं कारण सांगितलं, खरं कारण मंदाताईंनाच ठाऊक होतं.

परवा दिव्याला जाऊन आलो. मंदाताईंच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. खोली मदतनीस म्हणून संगीताच सांभाळते, परीची आई. कंपनी सोडल्यावर मंदाताईंनीच तिला या जागेसाठी अर्ज करायला लावला होता. मुलं खाली बसून खिचडी खात होती. मी दारातच उभा, आत पाऊल टाकवेना. संगीताने न विचारता एक वाटी भरून माझ्या हातात दिली.

"खावी लागेल, सर. आला तो साहेब असो नाहीतर मास्तर, पोरांचं खाणं आधी त्याने चाखायचं. बाईंचा नियम आहे."

मी दोन घास खाल्ले. खिचडी पांचट होती, डाळीचे दाणे शोधावे लागत होते. मी तसं म्हणालो.

संगीताने खिडकीतली, खाणं चाखणाऱ्यांच्या शेऱ्यांची वही काढून माझ्यापुढे उघडली, पेनचं टोपण काढलं.

"तेच लिहा," ती म्हणाली. "खाली सही करा."