उजव्या खांद्याचं तेल

हे माझ्या बायकोला ठाऊक न्हाय. पोराला न्हाय, सख्ख्या भावाला न्हाय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे न्हाय, म्हणून असंल. गावचे असता तर मी आधी तुमचं तोंड न्याहाळलं असतं — ह्याला कुणी धाडलंय, हा कुणाचा माणूस — आणि गप बसलो असतो. हल्ली मला सगळ्यांचाच संशय येतोय. चोराच्या मनात चांदणं म्हणत्यात, ते काय उगंच न्हाय.

मी गुरव. नंदगडच्या अलीकडं आमचं गाव, गावात लक्ष्मीआईचं देऊळ, आणि तिथली पूजा आमच्या घरात पणज्यापासनं चालत आलेली. मला ती येतीय का, हे कुणी कधी विचारलं न्हाय. बाप गेला, दिवसकार्य झालं, दुसऱ्या दिवशी मी गाभाऱ्यात शिरलो. गुरवाचा पोरगा गुरव, त्यात विचारायचं काय?

आमच्याकडं गावाचं काय अडलं की आईला कौल लावत्यात. दोन ओल्या पाकळ्या — एक आईच्या उजव्या खांद्याला, एक डाव्या. उजवी म्हणजे एक बाजू, डावी म्हणजे दुसरी. लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि हात जोडून बसायचं. आधी जी पडंल तो आईचा कौल. मग तोंड वर करून कुणी बोलायचं न्हाय. भावाभावांच्या वाटण्या आमच्यात अशा मिटल्यात.

तर ग्रामपंचायतीची निवडणूक आली. आमच्या सीमाभागात एक भीती कायमची — मराठी मतं फुटायची. आपली दोघं उभारली की तिसराच निवडून जातोय. म्हणून गावानं बसून एकच नाव ठरवायचं आणि दुसऱ्यानं मागं सरायचं, असा रिवाज. त्या खेपेला आमच्या वॉर्डात नावं दोन आली.

एक रणजित. आबांचा नातू. आबा सीमालढ्यात तुरुंगात गेलेले, मरेपर्यंत गाव त्यांच्या शब्दात. त्यांच्यामागं त्यांचा मुलगा, आणि आता हा. हा राहतोय बेळगावात, गावात येतोय जत्रेला. पण मोबाईलवर ह्याचे व्हिडिओ, चौकात ह्याचे बॅनर, निपाणीपर्यंतची पोरं ह्याला नावानं ओळखत्यात. केलंय काय त्यानं? आबांच्या घरात जन्म घेतलाय. हे मी तवा मनात म्हणत होतो, तोंडानं न्हाय.

दुसरी शोभा. माहेर बैलहोंगलकडलं, शिकली कानडी शाळेत, सून म्हणून आमच्या गावात आली. पंचायतीचा कागद कानडीत, बँकेची नोटीस कानडीत, जमिनीचा उतारा कानडीत. आमच्या गावाला कानडी बोलाय येतंय, पण अक्षर पुढं आलं की निम्मं गाव आंधळं. शोभा उंबऱ्यावर बसून सगळ्यांचे कागद वाचायची, अर्ज भरायची. आमचं रेशनकार्ड दोन वर्षं अडलेलं, तिनंच खेटे घालून सोडवलं. पंचायतीत कोण बसाय पायजे, हे शेंबड्या पोरानंसुदीक सांगितलं असतं.

पण आबांच्या नातवाला न्हाय कोण म्हणणार? कुणी तोंड उघडंना. मग कुणीतरी म्हटलं, आईला विचारूया. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं.

शोभा तयार नव्हती. तिचा असल्यावर विश्वास न्हाय, हे गावाला ठाऊक होतं. हात वर करा आणि मोजा की, म्हणाली. बराच वेळ वाद झाला. शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. "अण्णा लावणार असतील तर चालंल. अण्णा लबाडी करणार न्हाईत." चारचौघांत म्हणाली.

आता इथं माझी जीभ अडखळतीय. सरळ सांगितलं तर तुम्ही म्हणणार, भ्याला असंल, न्हायतर रणजितनं काय दिलं असंल. तसं असतं तर बरं झालं असतं — दोष दुसऱ्यावर तरी टाकला असता.

खरं काय ते त्याच्या दोन वर्षं आधीचं हाय. देवळाच्या बैठकीत विषय निघाला, माझ्यामागं पूजा कुणी करायची. माझा महेश उद्यमबागला फौंड्रीत जातोय. त्याला आरती धड येत न्हाय, पहाटे उठणं जमत न्हाय. आणि माझ्या भावाची पोरगी रेणुका — तिला सगळं येतंय. लहानपणापासनं माझ्या मागं मागं हिंडून शिकली. तर शोभा सहज म्हणाली, ज्याला येतंय त्याला द्या, पोरगा असला म्हणून काय झालं? लोक हसले. मीबी हसलो. पण ते बोलणं मी पोटात ठेवलं. त्या दिवसापासनं ती समोर दिसली की वाटायचं, ही माझ्या घरातलं काढून घेणार. रेशनकार्ड आणून दिलं तवासुदीक वाटलं, हिचा ह्यात काय डाव असंल?

कौलाच्या आदल्या दिवशी दुपारी रणजित घरी आला. माझ्या पाया पडला. चहा प्याला. मागितलं काय? काहीच न्हाय. एवढंच म्हणाला, "आबांनी केलं ते बाबांनी केलं, आता मी करतोय. तुमच्यात बी तसंच हाय की अण्णा. आपल्या जुन्या घरांचं चालत आलेलं चालू राहावं." आणि गेला. त्याला महेशचं ठाऊक होतं का? का सहज बोलला? अजून कळलं न्हाय. पण मला जे ऐकायचं होतं, ते मी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला न्हाऊ घालताना मी गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं. समईतल्या तेलात बोट बुडवलं आणि आईच्या उजव्या खांद्यावरनं फिरवलं. डावा खांदा धडप्यानं कोरडा केला. तेलकट दगडाला ओली पाकळी धरत न्हाय, कोरड्याला घट्ट बसती. उजवी रणजितची ठरली होती, डावी शोभाची. दहाच्या सुमाराला गाव जमला. मी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आवाज कापला न्हाय माझा. हात जोडून पुरते बसलोबी नव्हतो, तोवर उजवी पडली.

लोकांनी गुलाल उधळला. शोभा आईला नमस्कार करून घराकडं गेली. आईपुढं हात जोडताना तिला मी तवा पहिल्यांदा बघितलं.

हे केलंय मी. गावाचा गुरव, लोक ज्याच्या पायरीवर डोकं टेकत्यात तो.

रणजित निवडून आला. वरच्या गल्लीला पाण्याची टाकी मंजूर झाली होती, ती वर्षभरात दुसऱ्या वाडीला गेली. कागदावर सही रणजितचीच. कानडी कागद, त्यानं वाचला न्हाय, पुढं आला तिथं सही केली. त्याला अक्षरच येत न्हाय, तो काय वाचणार? शोभानं पंचायतीच्या बोर्डावरचा कागद वाचून सांगितलं, तवा वेळ गेली होती. अजून वरच्या गल्लीच्या बायका खालच्या विहिरीवरनं पाणी ओढत्यात. माझी बायकोबी त्यातच. घागर ठेवून कंबर धरती आणि रणजितला शिव्या घालती. मी ऐकून घेतो.

आणि दुसरंच एक डोक्यात घुमतंय. कोरड्या खांद्याला पाकळी धरती, तेलकटावरनं घसरती, हे मला बापानं शिकवलं होतं. बापाला कशाला ठाऊक असाय पायजे? आबा पहिल्यांदा उभारले, तवा कौल बापानंच लावला होता. मग ती पाकळी कशी पडली असंल? आता कुणाला विचारू? बापावर संशय घ्यायची वेळ मीच माझ्यावर आणली. पूजा आता महेश करतोय, फौंड्री सांभाळून, येती तशी. रेणुका लग्न होऊन सांबऱ्याला गेली.

पण हे सगळं एकीकडं. सांगायचं होतं ते शोभाचं.

ती आता दर मंगळवारी देवळात येती. जिला असलं काय पटत न्हवतं ती — ओटी भरती, घटकाभर आईपुढं बसती. परत निवडणुकीचं वारं सुरू झालंय. बायकांनी जाऊन तिला विनवलं, ह्या खेपेला तू उभार, गावाला विचारूच नको. तर ती म्हणाली, आईनं एकदा न्हाय म्हटलंय. लोकांचे अर्ज भरायचंबी तिनं कमी केलंय. चुकलं तर, म्हणती.

गेल्या मंगळवारी देवळात आम्ही दोघंच होतो. हातातलं ताट खाली ठेवून ती म्हणाली, "अण्णा, खरं सांगा. आईला माझ्यात काय उणं दिसलं असंल?"

काय मागत होती ती? एक वाक्य. माझ्या तोंडाशी आलतं.

मी म्हटलं, "पोरी, आईला दिसतंय ते आपल्याला दिसत न्हाय."

तिनं मान हलवली. व्हय अण्णा, म्हणाली, आणि माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.