चहावर झालेलं लग्न

तेरसिंग पावऱ्याला ओळखणारे लोक त्याच्याविषयी एकच गोष्ट आधी सांगत, की हा माणूस अर्धं काही करत नाही. दारू प्यायचा तेव्हा अशी प्यायचा, की सुगंधाबाई पोरीला कडेवर घेऊन शेजारच्या झोपडीत झोपायला जायची. आणि सोडली तेव्हा अशी सोडली, की मोहाची फुलं वेचायलासुद्धा जाईना. सुगंधाबाईनं कपाळाला हात लावला. फुलं विकून घरात मीठमिरची येत होती, तीही नवऱ्याच्या पवित्रपणात गेली.

त्याचा पाडा चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला साक्रीकडचे पुना नावाचे ख्रिस्ती पाळक चोपड्याहून सायकलवर तिकडे यायला लागले. स्वतः आदिवासी घरातले, साधे, घसा बसेपर्यंत गाणी म्हणणारे. बाहेरचा शिकलेला माणूस आपल्या झोपडीत मांडी घालून बसतो, आपली भाकरी मोडून खातो आणि आपल्याला 'भाऊ' म्हणतो, हे तेरसिंगनं पहिल्यांदा पाहिलं. तो तिथेच अर्धा वितळला. उरलेला पुढच्या उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला.

पाड्यावर मंडळी, म्हणजे त्यांचं प्रार्थनाघर, उभी राहिली. कुडाच्या भिंती, वर पत्रे, आणि आत चोपड्याहून रंगवून आणलेली एक पाटी. या मंडळीला काय हवंय ते तिच्यावर लिहिलं होतं. सातपुड्याच्या प्रत्येक पाड्यात प्रार्थनाघर. प्रत्येक घरात एक तरी वाचता येणारं माणूस. दारू नाही, बडव्या भगताचा उतारा नाही, बाईवर हात नाही, आणि मुलीच्या लग्नात देज, म्हणजे तिचं मोल, घेणं नाही. तेरसिंगला अक्षर येत नव्हतं, पण पाटी तोंडपाठ होती. नवा माणूस आला की तो बोट फिरवत ती वाचून दाखवायचा आणि कधीकधी बोट एक ओळ पुढे जायचं. खोटं कशाला बोला, त्या पाटीनं त्याचं घर वाचवलं होतं. सुगंधाबाईच्या अंगावरचे वळ गेले होते. रुपली, त्यांची एकुलती पोर, बापाला बघून आता दाराआड लपत नव्हती.

रुपलीचं लग्न ठरलं ते पलीकडच्या पाड्यातल्या चिंधाशी. मंडळीत ढोलकी वाजवणारा, हसरा पोरगा. पावऱ्यांच्या लग्नात मुलाकडचे देज देतात, मग पंच मोहाच्या दारूची धार पूर्वजांच्या नावानं जमिनीवर सोडतात आणि दोन्हीकडचे बाप एका वाटीतून पितात. एवढं झालं की ते लग्न पंचांचं होतं. उद्या नवऱ्यानं बाईला टाकलं तर पंच त्याच्या दारात जाऊन बसतात आणि जबाब दिल्याशिवाय त्याला कुठल्या पाड्यात पंगतीला बसू देत नाहीत. तेरसिंगनं सांगितलं, देज नको, दारू नको, लग्न प्रार्थनेनं होईल.

पंचांतला म्हातारा धना त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "तेरसिंग, तू पिऊ नको. आम्ही पन पीत नही. नुसती धार सोडू दे. देज म्हनीसन एक नारळ ले. अंडेरना मांगे पंच ऱ्हातीन."

"मन्ही अंडेर इकानी नही शे, आबा," तेरसिंग म्हणाला. "नि ती धार मन्हा देवले चालनार नही."

एक नारळ आणि जमिनीवर चार थेंब. पोरीच्या मागे पंच उभे राहावेत म्हणून धना एवढंच मागत होता. पण तेरसिंगला अर्धं काही करता येत नव्हतं. मोठ्या पातेल्यात गुळाचा चहा उकळला. पुना पाळकांनी दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले, बायकांनी गाणं म्हटलं आणि पंच बशीतून चहा फुरकत बसले. "बठ्ठा शुद्धीवर शेतस, हाई कसं लगीन!" धना म्हणाला. सगळे हसले. तेरसिंग सगळ्यांत मोठ्यानं हसला. उभ्या आयुष्यात त्याला इतकं ताठ मानेनं चालता आलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी चिंधा केळीच्या कापणीला टोळीबरोबर सावद्याला गेला. घड वाहून खांदे काळे झाले की संध्याकाळी गुत्ता जवळ असतोच. तो परत आला तो तोंडाला वास आणि सोबत दुसरी बाई घेऊन. रुपलीला त्यानं मारलं नाही, शिवी दिली नाही. तिचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं आणि आत जाऊन झोपला.

तेरसिंग पंचांकडे गेला. धनानं त्याला पाणी दिलं, आपल्या शेजारी बसवलं. म्हातारा खुशीत असता तर तेरसिंगला भांडता आलं असतं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"चिंधाले आम्ही काय म्हनीसन बलावूत?" धना म्हणाला. "तो इचारी, धार कोनी सोडी? देज कोनी लिधं? आम्ही ते चहा पीसनी घर उनूत. पंचासले ते लगीन मालूमच नही शे, भाऊ."

मग तेरसिंग चोपड्याला पुना पाळकांच्या खोलीवर गेला. पाळकांनी सगळं ऐकलं आणि तेही रडले. "तेरसिंगभाऊ, ते लग्न देवासमोर झालंय," ते म्हणाले. "चिंधा जिवंत आहे तोवर रुपली त्याचीच. आपण उपास धरू, प्रार्थना करू. तो फिरेल." तेरसिंगनं मान डोलावली. दर शुक्रवारी तो उपाशी राहू लागला. त्याच्याबरोबर रुपलीही राहायची. चिंधाला त्या बाईपासून मुलगा झाला, मग मुलगी झाली.

अशात नाल्यापलीकडच्या नथ्थूनं धनाकडून निरोप धाडला. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मागे एक लहान पोर. शांत माणूस, घरचं कोरडवाहू शेत. पंचांनी सांगितलं, रुपलीचं लग्न झालेलंच नाही, तेव्हा अडचण कसली? वाजत गाजत नेऊ. नथ्थू तर मंडळीत यायलाही तयार होता. रुपली केसांना तेल लावायला लागली. नथ्थूची पोर नाला ओलांडून यायची आणि तिच्या पदराला धरून हिंडायची. सुगंधाबाईला वाटलं, देवानं ऐकलं.

तेरसिंगनं मात्र निरोपाला उत्तर धाडलं नाही. तो आता मंडळीनं निवडलेला वडील होता, लोकांचे तंटे त्याच्यापुढे यायचे.

रुपलीनंच शेवटी विचारलं. "बा, पंच म्हनतस मन्हं लगीन व्हयनंच नही. मंडळी म्हनस, ते मोडतच नही. मंग मी कोन शे?"

चुलीपुढून सुगंधाबाई उठून आली. "तुन्ही दारू सुटनी म्हनीसन मी रोज देवना पाय धरस," ती म्हणाली. "पन आज सांगस. वाटीभर पी, नि पोरले नांदाले धाड."

दुपारची वेळ होती. तेरसिंग रिकाम्या मंडळीत जाऊन बसला. किती घरांतली दारूची मडकी आपण फोडायला लावली, किती बापांना देजावरून चारचौघांत बोललो, ते त्याला आठवत राहिलं. आता स्वतःच्या पोरीसाठी आपण वाकलो तर ते लोक काय म्हणतील? पाळक काय म्हणतील? त्याला भीती वाटत होती. तीत देवाची किती आणि माणसांची किती, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ऊन उतरल्यावर तो उठला, नाला ओलांडून नथ्थूकडे गेला आणि नाही म्हणून आला.

होळीआधी नथ्थूनं वैजापूरकडची बायको केली. त्या पोरीला नवी आई मिळाली, तिचं येणं थांबलं. रुपली भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती निंदणीला जायची, भाकरी भाजायची, रविवारी मंडळी झाडायची. केस मात्र तिनं कसेही बांधायला सुरुवात केली. हळूहळू तिला कुणी हाकही मारेनासं झालं.

दोन हजार चार साली धुळ्याला संमेलन भरलं. मोठा मंडप, कर्ण्याचा आवाज, गावोगावचे लोक. पुना पाळकांचे केस पिकले होते. विश्वासात काय काय सोसलं हे लोक एकेक करून पुढे येऊन सांगत होते, त्याला साक्ष म्हणतात. पाळकांनी रुपलीला बोलावलं. "या बहिणीनं नवऱ्याची वाट पाहत सगळी तरुणपणाची वर्षं देवाला दिली," ते म्हणाले. ते अगदी मनापासून बोलत होते. तेरसिंगचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांत कुणीतरी तिच्या दुःखाला नाव दिलं होतं, मान दिला होता.

रुपलीनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"मी वाट दखी नही," ती म्हणाली. "मन्हा बापनी माले बसाडी ठेवं."

एवढंच बोलून ती खाली उतरली. पुढच्या रांगा गप्प झाल्या. मागे नीट ऐकू गेलं नव्हतं. तिथल्या लोकांनी प्रत्येक साक्षीनंतर वाजवतात तशा टाळ्या वाजवल्या आणि तेरसिंगला दिसलं, सवयीनं आपलेही हात वाजत आहेत. पाळकांनी घाईघाईनं गाणं सुरू केलं.

जेवणाच्या पंगतीत तो मान खाली घालून बसला होता. रुपली वाढणाऱ्या बायकांत होती. ती रांगेतून येताना दिसली तेव्हा त्याला वाटलं, आता तरी ही मला शिव्या देईल, निदान रागानं बघेल, न वाढता पुढे जाईल. यांतलं काहीही झालं असतं तरी त्याला हात जोडता आले असते. ती त्याच्यापुढे वाकली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिथे त्याच्यासाठी काहीच नव्हतं.

"बा, डाळ जोयजे का?" तिनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. तिनं डाळ वाढली आणि पुढच्या माणसाकडे गेली.