नितळ पाण्याची तिथी

माझा भाऊ जहाजावर नोकरीला होता. त्या वर्षी गणपतीत रजेवर आला तेव्हा त्याने बाबांसाठी पाण्यात बघायचा रबरी चष्मा आणि तोंडात धरायची नळी आणली. "आता या वयात पोहणार की काय?" आईने विचारलं. बाबा नुसते हसले. ते शाळेत शास्त्र शिकवायचे. प्रवाळाची आकृती त्यांनी जन्मभर फळ्यावर रंगीत खडूंनी काढली, पण पाण्याखालचं जिवंत प्रवाळ कधी पाहिलं नव्हतं. आमच्या मांडवीच्या किनाऱ्यापलीकडच्या खडकांत ते आहे, असं तिथले मासेमार खारवी सांगायचे. आणि वेळ थोडा होता. बाबांना काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

एवढं माहीत असून मी जे केलं, त्याचा मला आजही राग येतो.

गणपतीत समुद्र मातकटच असतो, तेव्हा दिवाळीपर्यंत थांबणं भाग होतं. पुढची तिथी ठरवायचं काम मी अंगावर घेतलं. गणित बाबांनीच शिकवलेलं. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या-पुनवेला उधाण, तेव्हा पाणी तळ ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास ते कमी चढतं, कमी उतरतं. त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. म्हणजे अष्टमी हवी, थंडी हवी, आणि दुपारचा वारा सुटायच्या आत ओहोटी हवी. मी कचेरीत कारकून, एक शेरा राहिला तरी कागद परत पाठवणारी. समुद्रालाही मी तसंच वागवलं.

कार्तिकातल्या पहिल्या अष्टमीला आम्ही गेलो. पाण्यात अजून खाडीचा गाळ होता, परत फिरलो. वद्य अष्टमीला तिथला एक म्हातारा खारवी म्हणाला, "मास्तर, आज बगून घ्या. पानी बरा हाय." बाबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलासुद्धा. मी वाकून पाहिलं. तळ दिसत होता, पण जरा धूसर.

"बाबा, पंधरा दिवस थांबा. मार्गशीर्षात काचेसारखं होईल."

"अगो, आज दिसेल तेवढं पुरे."

"तुम्हीच सांगता ना, अर्धवट निरीक्षण करू नये म्हणून?"

यावर त्यांनी पायजमा खाली सोडला. वाद जिंकल्याचं मला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

मार्गशीर्षातल्या दोन्ही अष्टम्या हुकल्या. एकदा वारा पडेना, एकदा बाबांना ताप. त्याच दिवसांत चहा बशीत ओतताना तो त्यांच्या हातून बाहेर सांडायला लागला. आई धांदरटपणा म्हणून करवादायची, मीही तिच्या सुरात सूर मिसळायचे. काय होतंय ते त्यांनी एका शब्दानेही सांगितलं नाही.

पौषातली अष्टमी मात्र अगदी मनासारखी मिळाली. वारा नाही, ऊन चांगलं वर आलेलं, ओहोटी लागून पाणी स्थिर झालेलं. कमरेइतक्या पाण्यात मी बाबांचा दंड धरून उभी होते आणि मला माझ्या पायाची नखं दिसत होती. त्यांनी चष्मा चढवला, नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. बराच वेळ ते तसेच राहिले. डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग वर येऊन चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत विचारलं, "पाणी गढूळ आहे का गो?"

त्यांच्या गुडघ्यापाशीच खडकावर प्रवाळ होतं, हिरवट, तपकिरी, वीतभर पसरलेलं. त्याच्या आडून एक निळा मासा ये-जा करत होता.

"हो बाबा," मी म्हटलं. "गढूळ आहे."

त्यांनी मान हलवली. घरी येईपर्यंत माझा खांदा धरून चालले. दारातच आईने विचारलं, "दिसलं का काही?"

"नाही. पाणी गढूळ होतं," बाबा म्हणाले. "पण तिथी हिने बरोबर काढली होती हो. हिला काही बोलू नकोस."

मला कशाबद्दल बोलायचं, ते आईला कळलं नाही. मला कळलं, आणि मी त्यांच्यासमोर उभी राहू शकले नाही.