सागावर सरळ चालणारा माणूस

सपाट जमीन ही निसर्गाची चूक असावी, असे ज्याची चाल पाहून खात्रीने वाटे असा एकच माणूस मी पाहिला: आलापल्लीच्या वाटेवरच्या आमच्या लाकूड डेपोतले मापवाले भाऊ. तीस वर्षे सागाच्या थप्प्यांवर चढून-उतरून त्यांचे पाय जमिनीला परके झाले होते. कचेरीच्या दारातून ते आधी डावीकडे, मग उजवीकडे जात आणि अखेर टेबलापाशी पोचत. ओंडक्याचा घेर ते मिठी मारून सांगत, मग नाइलाजाने फीत लावत. दोन्ही जुळले नाही, तर फीत बदलायला सांगत.

नव्वदच्या दशकात एक नवे साहेब आले आणि त्यांना ही चाल दारूची वाटली. दिवस मोहफुलांचे, भाऊंच्याच नव्हे, गावातल्या प्रत्येक अंगणात दारू गाळायची ती फुले वाळत होती. भाऊंच्या तोंडाचा वास घेऊन अहवाल लिहा, असे साहेबांनी मला, म्हणजे कचेरीच्या कारकुनाला, फर्मावले.

"येतो का?"

"येतो साहेब. पण खिडकीतूनही हाच येतोय."

मग साहेबांनी फरशीवर खडूने रेघ ओढली. पेन्शनला वर्ष उरलेले भाऊ तिच्यावरून तीनदा ढळले. साहेबांनी निलंबनाचा कागद पुढे घेतला. भाऊ घाबरलेले मी तेव्हाच पाहिले.

"साहेब, रेघेवर काऊन चालवता मले? लाकडावर चालवून पाहा ना!"

सगळा डेपो जमला. भाऊंनी चपला काढल्या, सागाच्या सर्वांत लांब ओंडक्यावर चढले आणि डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारखे त्या टोकाला गेले. वळून अदबीने म्हणाले, "या साहेब, आता तुमी."

साहेबांनी एक पाय ठेवला. ओंडक्याने तो परत केला. निलंबनाचा कागद मुकाट्याने खिशात गेला आणि मी अहवालात लिहिले, 'मद्यसेवन आढळले नाही.'

निवृत्तीच्या दिवशी मी विचारलेच, "भाऊ, खरं सांगा, त्या दिवशी घेतली होती का?"

"तुमी काय लिवलं होतं?"

"नव्हती, असं."

"मंग नव्हती," म्हणाले, आणि ओंडक्याला मारत तशी मला मिठी मारली. माझे माप काय भरले, ते सांगितले नाही.

भाऊ जाऊन बरीच वर्षे झाली. मी आता चंद्रपुरात, गुळगुळीत फरशीच्या घरात राहतो. मोहाच्या दिवसांत कुठून तरी तो गोड वास येतो आणि मी उगाच दाराकडे बघत बसतो. येणारे सगळे सरळच चालत येतात.