नुसते ओठ

बारामतीच्या आमच्या अध्यापक विद्यालयात सर्वांत मन लावून प्रार्थना म्हणावी ती कळस गावच्या वहिनींनीच, याबद्दल प्राचार्यांपासून शिपायापर्यंत कोणाचं दुमत नव्हतं. डोळे मिटलेले, मान किंचित डोलणारी, प्रत्येक शब्दाला तोंड कसं नीट उघडलेलं. दोन वर्षं मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि कानावर येणारा गोड आवाज त्यांचाच समजून मनातल्या मनात जळत राहिले. वहिनी आमच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, लेक तिसरीत, संसार मांडून झाल्यावर पुन्हा बाकावर बसलेल्या. म्हणून त्या अख्ख्या वर्गाच्या वहिनी. मी लोणी भापकरची, गळ्याने बरी आणि त्याबद्दल स्वतःवर फार खूश.

सराव पाठाचं टाचण आम्ही आदल्या संध्याकाळी कसंबसं उरकायचो. वहिनींच्या टाचणात मात्र मिनिटामिनिटाचा बंदोबस्त असे. त्यात ‘येथे विद्यार्थी हसतील – एक मिनिट’ असंसुद्धा लिहिलेलं. मुलं हसली नाहीत, तर वहिनी घड्याळाकडे बघत ते मिनिट संपेपर्यंत गप्प उभ्या राहायच्या, आणि मग मुलं हसायचीच. चित्रकलेच्या पाठाला भेंडीचे ठसे काढायचे म्हणून त्या पिशवीभर भेंडी आणायच्या. देठाकडचा तुकडा रंगात, उरलेली भेंडी दुसऱ्या दिवशी आमच्या डब्यात. एकदा मला भाजीत निळा तुकडा सापडला. वहिनींनी तो शांतपणे उचलून बाजूला ठेवला. “खा गं, बाकीची चांगली हाय,” म्हणाल्या.

संगीताचा पाठ मात्र त्या पुढे ढकलत राहिल्या. कधी घसा बसला, कधी सासूबाई आजारी. शेवटी एकच दिवस उरला. बाहेरचे परीक्षक येणार होते, त्या दिवशी पाठ झाला नाही तर वर्ष गेलं. आणि घरी बोली झाली होती दोन वर्षांची. तिसरं वर्ष कोणी देणार नव्हतं. चार दिवस आधी मी त्यांना मैदानातल्या लिंबाखाली बसवलं आणि म्हटलं, “म्हणून दाखवा बघू.” वहिनींनी तोंड उघडलं, मान डोलावली, ओठ हलले. आवाजच नाही!

“अगं, मी कवा म्हणलंच न्हाय,” त्या खाली बघत म्हणाल्या. “चौथीत गुरुजी म्हणले, तू गाणं बिघडवतीस, नुसते ओठ हलव. तवापासनं हलवतीय.”

मला हसू आवरेना. त्यांचे डोळे दिसले तेव्हा आवरलं. मग मी त्या गुरुजींना मनसोक्त नावं ठेवली आणि वहिनींची तालीम सुरू केली. सूर वर जायचा तिथे त्या खाली जायच्या, आणि खाली जायचा तिथे हटून बसायच्या.

पाठाला मिळाला चौथीचा वर्ग. त्याच वर्गावर चार-पाच दिवसांपूर्वी मी समूहगीत घेतलं होतं आणि ‘वर्ग कसा एका सुरात गायला’ म्हणून शाबासकी मिळवली होती. मी निरीक्षण वही घेऊन मागच्या बाकावर बसले. टाचणात लिहिलं होतं : ‘स्वतः गाऊन दाखवणे – दोन मिनिटे.’ अर्धं मिनिट गेलं. वहिनींच्या हातातला खडू घामाने भिजला. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. वहिनींचे ओठ हलू लागले, आवाज नाही. संपलं, मला वाटलं. आणि तेवढ्यात आवाज फुटला, टिटवीसारखा! वर्ग खो-खो हसला. हे हसणं टाचणात नव्हतं. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं, मिनिटभर थांबल्या आणि म्हणाल्या, “झालं हसून? आता माझ्यासंगं म्हणा.”

वर्ग म्हणू लागला. दुसऱ्याच कडव्याला वहिनी थांबल्या आणि थेट शेवटच्या रांगेतल्या एका मुलीपाशी गेल्या.

“तू म्हणत न्हाईस.”

“अहो, म्हणतेय ती, मला दिसतंय,” परीक्षक म्हणाले.

“न्हाय सर. मला कळतं त्यातलं.” वहिनी तिच्यापाशी उकिडव्या बसल्या. “नुसते ओठ हलव म्हणून कुणी सांगितलं गं?”

मुलीने बोट वर केलं ते माझ्याकडे. “त्या बाईंनी. मी गाणं बिघडवती म्हणून.”

वहीत तोंड खुपसून मी बसून राहिले. वहिनींनी वळूनही पाहिलं नाही. त्या मुलीला म्हणाल्या, “माझा आवाज ऐकलास न्हवं? माझ्यापरीस वाईट म्हणून दाखव बरं.” मुलीने माझ्या बाजूला एकदा पाहिलं, आणि मग असा काही सूर लावला की वहिनींचासुद्धा बरा वाटावा. वहिनींनी तिच्या जोडीने, गळ्याच्या शिरा ताणून, सगळं गाणं म्हटलं.

वहिनी जेमतेम पास झाल्या. गुण माझेच जास्त होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यातली अर्धी भेंडी नेहमीसारखी माझ्या पानात आली.

आता त्या इंदापूरजवळच्या एका शाळेत आहेत, मी अंथुर्ण्यात. सकाळी प्रार्थनेला सगळी शाळा डोळे मिटते, तेव्हा मी रांगांमधून वाकून फिरते, एकेका तोंडाशी कान नेते. त्या पाठाबद्दल वहिनी मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.