मास्तरांच्या नावावरचं रक्त

माझ्या काकांबद्दल कुणी चांगलं बोललं की मला बरं वाटतं आणि पाठोपाठ डोकंही तापतं. माणूस चांगलाच आहे, त्यात वाद नाही. पण त्यांच्या एका शहाणपणापायी एका माणसाचा संसार रस्त्यावर आला. आणि ते शहाणपण त्यांना ज्यांनी शिकवलं, ते अजूनही काचेच्या केबिनमध्ये गार हवा खात बसलेले असतात. तेव्हा सांगताना माझा आवाज चढला तर चढू दे.

काका एका मोठ्या लाँड्रीत रोलरवर आहेत. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुवायला येतात त्या जागी. ओली चादर दोन्ही कोपऱ्यांना धरून तापलेल्या रोलरखाली सोडायची, पलीकडून ती कोरडी आणि सपाट बाहेर येते. कोपरा जरा उशिरा सोडला की बोटं भाजतात, जरा आधी सोडला की चादर चुरगळते. हे काम काकांइतकं सफाईनं कुणाला जमत नाही, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मी पलीकडच्या बाजूला घड्या घालते. माझे वडील गेल्यावर काका-काकूंनीच मला वाढवलं, काकांनीच मला इथं चिकटवलं, आणि घडी वाकडी पडली की अख्ख्या खात्यासमोर माझा उद्धारही तेच करतात.

काकांच्या रागाला सगळे वचकून असत, एक पैलवान सोडून. पैलवान हे त्याचं टोपणनाव, कुस्ती त्यानं जन्मात केली नव्हती. धुलाईच्या टाक्यांपासून आमच्या रोलरपर्यंत ओले गठ्ठे आणणं हे त्याचं काम. ओली चादर किती जड होते ते उचलल्याशिवाय कळत नाही. हा बाबा दोन-दोन गठ्ठे एकदम खांद्यावर घ्यायचा आणि वर काकांची नक्कल करत यायचा. काका त्याला शिव्या घालायचे आणि आपल्या डब्यातलं अर्धं त्याच्यापुढे सरकवायचे.

आमच्याकडे एक रीत आहे, जागा धरायची. रोलर चालू असताना कुणाला हलता येत नाही. बाहेर जायचं तर आधी कुणालातरी आपल्या जागी उभं करायचं. मग हे सवयीनं सगळीकडेच चालतं. चहाच्या रांगेत, पगाराच्या रांगेत, बसथांब्यावरसुद्धा एकमेकांची जागा धरतात. यात खोटेपणा आहे असं कुणाच्या मनातही येत नाही.

अशात मॅनेजरसाहेबांनी डॉक्टरची योजना आणली. मागच्या गल्लीत एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. कंपनी त्यांना दर महिन्याला माणशी ठरलेली रक्कम देणार आणि कामगारानं हवं तितक्या वेळा जायचं, फोन करायचा, बिल नाही. सुरुवातीला सगळ्यांचं रक्त तपासायचं. साहेब म्हणाले, माणसाच्या चहाला जेवढा खर्च येतो तेवढ्यात त्याला स्वतःचा डॉक्टर मिळतोय. योजना चांगली होती. आजही मी तेच म्हणेन. खोकला अंगावर काढणाऱ्या बायका त्या बाईंकडे जाऊन बऱ्या होऊन आल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण काकांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं. मागे एकदा कंपनीनं आवारात तपासणीचं शिबिर भरवलं होतं. निकाल कामगारांच्या हातात न देता सरळ मॅनेजरच्या टेबलावर गेले. तेव्हा रोलरवर जो म्हातारा होता त्याचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. उष्णतेपाशी हा माणूस नको, म्हणून त्याला आधी गेटवर बसवलं आणि मग गेटबाहेर काढलं. त्याचीच जागा काकांना मिळाली. त्या म्हाताऱ्याला मान खाली घालून जाताना काकांनी पाहिलं होतं. आणि आता काकांना स्वतःला शुगर होती. औषधाच्या दुकानात बोट टोचून त्यांनी गुपचूप बघून घेतलं होतं, आणि घरात काकूलासुद्धा ताकास तूर लागू दिली नव्हती.

म्हणून रक्त घ्यायला नर्स आली त्या दिवशी काकांनी पैलवानाला हाक मारली आणि आपलं योजनेचं कार्ड त्याच्या हातात देऊन सांगितलं, जरा माझी जागा धर. कार्डावर फोटो नव्हता. पैलवान बाही वर करून बसला आणि मास्तरांच्या नावावर रक्त देऊन आला. त्याच्याकडे स्वतःचं कार्ड नव्हतंच. तो ठेकेदाराचा माणूस होता आणि योजना फक्त कायम कामगारांसाठी होती. घाम एकाच छताखाली गाळायचा, पण डॉक्टर मात्र निवडून द्यायचा, हा कुठला न्याय ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

थोड्या दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा काकांना फोन आला. रक्तात किडनीचा दोष दिसतोय, ताबडतोब या, पुन्हा तपासू, आत्ता धरलं तर गोळ्यांवर भागेल. फोन ठेवून काका पोट धरून हसले. पैलवान गठ्ठा घेऊन आला तेव्हा त्याला बाजूला घेऊन त्यांनी ही गंमत सांगितली, की या बाईंना तुझ्यासारख्या रेड्याच्या रक्तात आजार सापडला. आजार दाखवल्याशिवाय यांची दुकानं चालायची कशी, असंही वर म्हणाले. पैलवानही हसला. झालं, दोघांच्या दृष्टीनं डॉक्टर खोटी ठरली.

बाई मात्र पिच्छा सोडीनात. दुसरा एखादा डॉक्टर, आला नाहीस तर नाहीस, म्हणून मोकळा झाला असता. यांना महिन्याचे पैसे माणसाला बरं ठेवण्याचे मिळत होते, आणि ते त्या खरंच मनावर घेत होत्या. त्या फोन करत राहिल्या. काका चिडत गेले. पगारी बाई आहे, रिकामा वेळ आहे, म्हणून फोन कापत राहिले. असे महिने गेले.

शेवटी एका रविवारी बाईंनी घरच्या नंबरवर फोन केला आणि तो मी उचलला. काय झालंय ते त्यांनी मला सांगितलं नाही. तुझ्याशी नाही, त्यांच्याशीच बोलेन, म्हणाल्या. फक्त एवढं म्हणाल्या, की काकांना उचलून आणावं लागलं तरी आणा. मी काकूला सांगितलं. काका आंघोळ करून बाहेर आले तर ही रडतेय आणि मी त्यांच्यावर तुटून पडलेय. मी काय काय बोलले ते सांगत नाही. मोठ्यांशी बोलू नये तसं बोलले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. ते रक्त आपलं नाही, आपल्याला फक्त शुगर आहे, असं त्यांनी सांगून टाकलं. काकूनं डोळे पुसले, देवाचे आभार मानले, आणि हात जोडलेलेच असताना थांबली.

"मग कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

काकांनी सांगितलं.

"त्याला सांगितलंत?"

"सांगितलं ना. दोघं हसलो," काका म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच ते कसंसंच ऐकू आलं असावं. तो दोन गठ्ठे उचलतो गं, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. काकू उठून स्वयंपाकघरात गेली आणि त्या दिवसापासून आपणहून त्यांच्यापुढे चहा ठेवणं तिनं सोडलं.

दुसऱ्या दिवशी काका रोलरपाशी उभे राहिले ते पैलवानाच्या वाटेकडे डोळे लावूनच. तो आला, एकच गठ्ठा घेऊन. पायात बूट नव्हते, मागचा पट्टा कापलेल्या चपला होत्या. धुलाईखात्यात सगळ्यांचे पाय पाण्यात भिजून सुजतात, त्यामुळे त्याच्या पायांकडे कुणी पाहिलंच नव्हतं. काकांनी खाली वाकून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तो तसाच राहिला. चेहराही सुजलेला होता, तो आम्ही सगळे अंगानं भरला असं म्हणत होतो.

काकांनी रोलर बंद केला. जागा धरायला कुणाला बोलावलं नाही, सरळ बटण दाबलं. चादर अर्धी आत, अर्धी बाहेर अडकून करपायला लागली. सुपरवायझर धावत आला, कुणाला विचारून मशीन थांबवलं म्हणून ओरडला. त्याला बाजूला सारून काका पैलवानाचा हात धरून गेटबाहेर पडले. मी मागोमाग गेले. तोंडाचा पट्टा चालवायला कुणीतरी बरोबर हवंच होतं.

दवाखान्यात काकांनी एका दमात सगळं कबूल केलं. बाईंनी हातातलं पेन टेबलावर आपटलं, पण पैलवानाला त्यांनी अगदी हळू आवाजात प्रश्न विचारले. कार्ड आहे का ते त्यांनी विचारलंच नाही. तिथंच रक्त घेतलं, मोठ्या इस्पितळात फोन करून खाट मिळवली. मग काकांना म्हणाल्या:

"तुमचा निकाल मी मॅनेजरना पाठवते असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला पाहिजे? मागे पाठवले होते."

"मी नाही पाठवत. करारातच तसं लिहून घेतलंय मी. त्यांना फक्त किती माणसं आली तो आकडा जातो."

हे एक वाक्य साहेबांनी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? चहाचा हिशोब सांगायला वेळ होता, हे सांगायला नव्हता. मागच्या शिबिरात आम्ही चूक केली, पुन्हा तसं होणार नाही, एवढं म्हणायला जीभ जड झाली. लोकांचा विश्वास एकदा तुडवायचा, मग वर डॉक्टर आणून ठेवायचा, आणि लोक येत नाहीत म्हणून त्यांनाच अडाणी म्हणायचं. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती इथं.

गोळ्यांची वेळ टळून गेली होती. पैलवानाला डायलिसिसवर घ्यावं लागलं. ठेकेदारानं त्याला आजारी माणूस परवडत नाही म्हणून त्याच आठवड्यात काढून टाकलं. त्याची बायको आमच्या घरी आली, लहान मुलगी कडेवर घेऊन. तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिनं काकूला एवढंच विचारलं, की वहिनी, तुमच्याकडे फोन येत होते ना, मग मला का नाही कुणी सांगितलं. काकूनं तिला पाणी दिलं.

काकांची शुगर बाईंनी आटोक्यात आणली. आता ते ती कुणापासून लपवतही नव्हते, तरी त्यांची जागा गेली नाही. ज्याच्या भीतीपायी त्यांनी दुसऱ्याला पुढे केलं, ते सगळं त्या दुसऱ्याच्याच वाट्याला आलं आणि हे मात्र रोलरवर शाबूत. काका रात्रंदिवस याच विचारानं जळत होते आणि मी त्यांना जळू दिलं. कुणी काय म्हणायचं ते म्हणो, मी त्यांना एकदाही जाऊ दे म्हटलं नाही.

योजनेला वर्ष झालं तेव्हा साहेबांनी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये जमवलं. योजना किती यशस्वी झाली ते सांगितलं. मग काकांना पुढे बोलावलं. यांची शुगर वेळेवर सापडली, आज ते ठणठणीत आहेत, अशी आपली कंपनी, मास्तर, दोन शब्द बोला. फोटो काढायला माणूस उभाच होता.

काकांनी विचारलं, "पैलवानाचं काय?"

साहेबांना आधी कोण ते आठवेना. मग म्हणाले, "मास्तर, तो आपला माणूस नव्हता. ठेकेदाराचा होता."

"आपला नव्हता," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. "मी काढलेली एक चादर दाखवा, जी त्यानं खांद्यावरून आणलेली नाही. त्याचा आजार तुमच्याच डॉक्टरनं पकडला. फक्त त्याला स्वतःचं नाव सांगून त्या खुर्चीवर बसायची सोय नव्हती. माझ्या नावावर बसला आणि मी त्याची थट्टा केली. माझं पाप मी फेडीन. पण तुम्ही इथं टाळ्या मागू नका."

टाळ्या वाजल्याच नाहीत. साहेब पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले, बघू, पुढच्या करारात विचार करू. पुढचा करार झाला, त्यात ठेकेदाराची माणसं नाहीत. आम्ही सह्या गोळा करून दिल्या, अजून देतोय. साहेब अजून विचार करतायत.

त्या संध्याकाळी काकूनं कितीतरी महिन्यांनी आपणहून काकांपुढे चहा ठेवला आणि म्हणाली, बोललात ते बरं केलंत.

"बोलायचं होतं तेव्हा हसलो," काका म्हणाले. चहा तसाच ठेवून त्यांनी चपला घातल्या. पैलवानाला इस्पितळात न्यायचा दिवस होता.